चुंबकांनी जोडलेले पाणी: हायड्रोजन बंध हातात देणाऱ्या एका प्रतिकृती-संचाचे परीक्षण

अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवताना पाण्याच्या उत्कलनाचा विषय आला की मी विद्यार्थ्यांना एक प्रश्न हमखास विचारते. पाणी उकळते तेव्हा त्या बुडबुड्यांत काय असते? दरवर्षी वर्गातील बरीच मुले ‘हायड्रोजन आणि ऑक्सिजन’ असे उत्तर देतात; प्रत्यक्षात त्यांत पाण्याचीच वाफ असते. हीच मुले हायड्रोजन बंधाची, म्हणजे एका रेणूतील हायड्रोजन आणि शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनसारखा अणू यांच्यातील दुबळ्या बंधाची, व्याख्या अचूक लिहितात, ऑक्सिजनची विद्युत ऋणता (इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची ताकद) सांगतात आणि दोन रेणूंच्या मध्ये तुटक रेषाही काढतात. पूर्ण रेषा म्हणजे एक प्रकारचा बंध आणि तुटक रेषा म्हणजे दुसऱ्या प्रकारचा, एवढे त्यांच्या वहीत असते. त्या दोन रेषांमधला बळाचा फरक मात्र वहीतून मनापर्यंत पोहोचत नाही. ही उणीव भरून निघावी म्हणून आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाने गेल्या शैक्षणिक वर्षात चुंबकांवर चालणारा प्रतिकृतींचा एक संच विकत घेतला. वर्षभर तो वेगवेगळ्या तुकड्यांमध्ये वापरल्यानंतर त्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटले, कारण असे संच आता अनेक उत्पादकांकडून मिळू लागले आहेत आणि ते विकत घेणाऱ्या शाळांना त्यांतील रसायनशास्त्र कितपत खरे आहे हे सांगणारे परीक्षण सहसा मिळत नाही.

संच तीन भागांत येतो. पहिल्या डब्यात पाण्याचे १२ रेणू, एक सोडिअम आयन, एक क्लोराइड आयन आणि इथेनचा एक रेणू असतो. इथेनचा एक हायड्रोजन काढून तेथे हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची जोडी) बसवता येतो आणि त्याचे इथेनॉल होते. दुसऱ्या डब्यात डीएनएचे चार प्रकारचे बेस (दोन धाग्यांमध्ये जोड्या लावणारे सपाट घटक) आणि त्यांना जोडणारा साखर-फॉस्फेटचा कणा असतो. तिसऱ्या डब्यात प्रथिनांच्या सर्पिलाची प्लॅस्टिकची एक तयार प्रतिकृती असते. तिन्ही डबे वेगवेगळे विकत घेता येतात, आणि माझ्या मते तसेच घ्यावेत, कारण तिघांची गुणवत्ता सारखी नाही.

पाण्याचा डबा उत्तम आहे. लाल ऑक्सिजन आणि पांढरे हायड्रोजन एकाच घट्ट ठोकळ्यात घडवलेले आहेत, ते ओढून वेगळे होत नाहीत, आणि त्यांच्यातील कोन १०४.५ अंशांच्या जवळ ठेवलेला आहे. दोन्ही हायड्रोजनांच्या टोकांशी एका ध्रुवाचे आणि ऑक्सिजनच्या मागच्या बाजूस, जेथे एकाकी, म्हणजे बंधात न गुंतलेल्या, इलेक्ट्रॉन जोड्या असतात त्या दोन दिशांना, विरुद्ध ध्रुवाचे लहान चुंबक बसवलेले आहेत. त्यामुळे प्रत्येक रेणू आपल्या हायड्रोजनांनी दोन बंध देऊ शकतो आणि ऑक्सिजनवर दोन घेऊ शकतो. हायड्रोजन हायड्रोजनसमोर धरला तर रेणू दूर सरतो. ऑक्सिजनसमोर धरला तर स्वतःहून वळून टक् असा आवाज करत चिकटतो. हे वळणे महत्त्वाचे आहे. हायड्रोजन बंध केवळ आकर्षण नसतो, त्याला दिशा असते. देणारा अणू, हायड्रोजन आणि घेणारा अणू हे शक्यतो एका रेषेत यावे लागतात. फळ्यावर ही गोष्ट सांगावी लागते, येथे ती बोटांना जाणवते.

उकळण्याचा प्रश्न या डब्याने पहिल्याच तासाला निकालात काढला. प्रत्येक बाकावर दोन रेणू देऊन मी मुलांना ते ‘उकळायला’ सांगितले. ओढल्यावर चुंबक सुटले, ठोकळा मात्र अभंग राहिला. सुटला तो हायड्रोजन बंध, टिकला तो रेणूच्या आतला, इलेक्ट्रॉन वाटून घेऊन झालेला सहसंयुज बंध. खऱ्या पाण्यात ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्यामधील सहसंयुज बंध तोडण्यास दर मोलला सुमारे ४६० किलोज्यूल ऊर्जा लागते, तर हायड्रोजन बंधाला साधारण २० किलोज्यूल पुरतात. वीसपटींहून अधिक असलेला हा फरक चुंबक आणि अखंड प्लॅस्टिक यांच्या जोडीने जितका स्पष्ट होतो तितका मी दुसऱ्या कोणत्याही साधनाने झालेला पाहिलेला नाही. वाफेतही पाण्याचे रेणू पाण्याचेच असतात, हे त्यानंतर त्या तुकडीला पुन्हा सांगावे लागले नाही.

याच ठिकाणी पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. बंध इतका दुबळा असेल तर पाणी १०० अंशांपर्यंत द्रव कसे राहते? मिथेनचा रेणू वजनाने पाण्याच्या रेणूइतकाच हलका, १८ ऐवजी १६. तो उणे १६१ अंशांच्या आसपास उकळतो. पाण्याचा जवळचा नातलग असलेला हायड्रोजन सल्फाइड पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड असूनही उणे ६० अंशांनाच वायू होतो. ऑक्सिजनच्याच गटातील सेलेनिअम आणि टेल्युरिअम यांच्या हायड्राइडांच्या (हायड्रोजनशी झालेल्या संयुगांच्या) उत्कलनबिंदूंवरून आलेख मागे वाढवला, तर पाण्याने उणे ८० अंशांच्या आसपासच उकळायला हवे होते. तसे झाले असते तर पृथ्वीवर एकही नदी नसती. या प्रश्नाचे उत्तर संचातच आहे: बाराही रेणूंचा गोळा करून त्यातून एक रेणू ओढायला सांगावे. एकटी जोडी सहज सुटते, परंतु तीन-चार बाजूंनी धरलेला रेणू काढताना हाताला जोर लावावा लागतो आणि बहुतेक वेळा त्याच्याबरोबर शेजारीही ओढले जातात. एकेकटा दुबळा असलेला बंध संख्येने बलवान होतो, ही या विषयाची गुरुकिल्ली आहे आणि ती पाण्यापासून डीएनएपर्यंत सगळीकडे लागू पडते. संचाचे मोल मी याच कसोटीवर ठरवले आहे: ही गोष्ट तो किती प्रामाणिकपणे दाखवतो?

बर्फाच्या बाबतीत तो फारच चांगली दाखवतो. डब्यात नेमके १२ रेणू का दिले आहेत, हे आधी माझ्या लक्षात आले नव्हते. सहा रेणूंचे खुर्चीच्या आकाराचे एक कडे तयार करायचे, तसेच दुसरे कडे त्याच्यावर धरायचे आणि त्यांतील तीन-तीन रेणू उभ्या बंधांनी जोडायचे, की साध्या बर्फाच्या स्फटिकातील एक पिंजरा तयार होतो. हा पिंजरा हातात घेतल्यावर सर्वांत आधी नजरेत भरते ती त्याच्या आतली पोकळी. प्रत्येक रेणूला चार शेजारी हवे आहेत आणि तेही ठरावीक दिशांना हवे आहेत, म्हणून रेणूंना दाटीवाटीने बसता येत नाही. आम्ही तो पिंजरा पारदर्शक डब्यात ठेवून उंचीची खूण केली, नंतर तो मोडून रेणू सुटे टाकले आणि ते किती खाली बसतात ते पाहिले. प्रत्यक्षातला फरक एवढा मोठा नसतो, हे मुलांना सांगायलाच हवे. बर्फाची घनता दर घन सेंटिमीटरला ०.९१७ ग्रॅम आणि ४ अंशांच्या पाण्याची १ ग्रॅम, म्हणजे गोठताना आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. पण बर्फ पाण्यावर का तरंगतो आणि फ्रीझरमध्ये काठोकाठ भरून ठेवलेली काचेची बाटली का तडकते, हे त्या पोकळीकडे बोट दाखवून सांगता येते. हिमकणांना सहाच भुजा का असतात, याचे उत्तरही त्याच कड्यांमध्ये आहे.

द्रव पाणी दाखवण्यासाठी पुस्तिकेत रेणू टेबलावर पसरून ठेवण्याची सूचना आहे. ती मला पटली नाही, कारण पसरलेले रेणू स्थिर असतात आणि द्रवाचा सगळा स्वभाव हालचालीत असतो. आम्ही लोणच्यासाठी वापरतात तशी रुंद तोंडाची प्लॅस्टिकची पारदर्शक बरणी आणली, त्यात बाराही रेणू टाकले आणि ती हलवली. हळू हलवली की रेणूंचे पुंजके होतात, क्षणात मोडतात, शेजारी बदलून पुन्हा होतात. जोरात हलवली की जवळजवळ सगळे सुटे उडतात. विद्यार्थिनींपैकी एकीने विचारले, “मॅडम, मग पाण्यात कोणता रेणू कोणाला जोडला आहे, हे सांगताच येणार नाही का?” हा प्रश्न येण्यासाठीच बरणी हवी होती. खऱ्या पाण्यात एकेक हायड्रोजन बंध साधारण एका पिकोसेकंदाच्या, म्हणजे एका सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाच्या आसपास टिकतो आणि मग जोडीदार बदलतो. तरीही कोणत्याही क्षणी बहुतेक रेणू तीन-चार शेजाऱ्यांना धरून असतातच. पाण्याला विशिष्ट ‘रचना’ देऊन ती बाटलीत टिकवल्याचा दावा करणारी यंत्रे आणि बाटल्या आज बाजारात सर्रास मिळतात. ज्याने ती बरणी हलवून पाहिली आहे त्याला असे दावे तपासण्यासाठी एवढे ज्ञान पुरेसे आहे.

चुंबकांची मर्यादा येथेच सांगितली पाहिजे. चुंबक स्वतःहून कधीच सुटत नाही. खऱ्या रेणूंना उष्णतेमुळे अखंड गती असते आणि तीच बंध तोडत असते. टेबलावर ठेवलेली प्रतिकृती त्यामुळे नेहमी बर्फासारखी वागते. तापमान म्हणजे बरणीला दिलेला हिसका, हे शिक्षकाने स्पष्ट न केल्यास ‘हायड्रोजन बंध कायमचे असतात’ असा नवाच गैरसमज पक्का होण्याचा धोका आहे. पुस्तिकेत याविषयी एक ओळही नाही.

सोडिअम आणि क्लोराइड यांचा भाग लहान पण नेटका आहे. सोडिअमभोवती पाण्याचे रेणू ऑक्सिजन आत करून बसतात, क्लोराइडभोवती हायड्रोजन आत करून बसतात, आणि मीठ पाण्यात ‘नाहीसे’ कसे होते ते दिसते. इथेन आणि इथेनॉल यांच्या तुलनेविषयी मात्र मला आक्षेप आहे. इथेन उणे ८९ अंशांना उकळतो आणि इथेनॉल ७८ अंशांना, असे सांगून सगळा फरक पुस्तिकेने हायड्रॉक्सिल गटाच्या हायड्रोजन बंधाच्या खाती टाकला आहे. पण इथेनॉलचा रेणू मुळात इथेनपेक्षा दीडपट जड आहे. योग्य तुलना डायमिथिल ईथरशी होते. त्याचे अणू तेच आणि तितकेच, रेणुभारही तोच, फक्त ऑक्सिजनवर हायड्रोजन नाही; तो उणे २४ अंशांना उकळतो. एकाच रेणुसूत्राच्या दोन पदार्थांमधील हे सुमारे १०० अंशांचे अंतर अधिक चोख साक्ष देते. तुकडे थोडे वेगळे घडवले असते तर ईथरही याच डब्यात बसला असता. बारावीच्या अभ्यासक्रमातील ऑर्थो आणि पॅरा नायट्रोफिनॉल यांचीही सोय संचात नाही, ही मला जाणवलेली आणखी एक उणीव. ऑर्थो रेणू स्वतःच्याच आत बंध करून मोकळा राहतो आणि ४५ अंशांनाच वितळतो, पॅरा रेणू शेजाऱ्यांना धरून बसतो आणि ११४ अंशांपर्यंत टिकतो. हा फरक चुंबकांनी फार सुंदर दाखवता आला असता.

आता डीएनएच्या डब्याकडे वळते, कारण वर्षातला सर्वांत चांगला तास आणि सर्वांत मोठी तक्रार या दोन्ही गोष्टी त्याच डब्याने दिल्या. अॅडेनिन आणि थायमिन दोन चुंबकांनी जोडले जातात, ग्वानिन आणि सायटोसिन तीन चुंबकांनी. देणारी जागा आणि घेणारी जागा यांचा क्रम प्रत्येक बेसवर वेगळा असल्यामुळे चुकीची जोडी जुळवायला गेल्यास ती एकतर ढकलली जाते किंवा कण्यांमधील अंतर बिघडते. आमच्याकडे आलेल्या संचात मात्र एका सायटोसिनचा मधला चुंबक उलटा बसवलेला होता. तुकड्यावर काही खूण नव्हती, त्यामुळे मला ते कळले नव्हते. एका गटाची जोडी जमेना. त्यांनी तुकडा फिरवून पाहिला, दुसऱ्या गटाच्या सायटोसिनशी ताडून पाहिला आणि शेवटी सांगितले की हा सायटोसिनच चुकीचा आहे, कारण जेथे हायड्रोजन घेण्याची जागा हवी तेथे देण्याची जागा झाली आहे.

१९५३ सालच्या फेब्रुवारीत केंब्रिजमध्ये याच स्वरूपाची अडचण उभी राहिली होती. डीएनएची रचना शोधणारे जेम्स वॉटसन त्या वेळी बेसच्या पुठ्ठ्याच्या आकृत्या कापून जोड्या लावत होते, कारण कार्यशाळेतून धातूचे तुकडे यायचे बाकी होते. पाठ्यपुस्तकांत त्या काळी ग्वानिन आणि थायमिन यांची जी रूपे छापली जात, त्यांत हायड्रोजन चुकीच्या अणूवर होता. त्यांच्याच खोलीत बसणारे रसायनशास्त्रज्ञ जेरी डोनोह्यू यांनी ती रूपे चुकीची असल्याचे लक्षात आणून दिले. हायड्रोजनची जागा दुरुस्त करून नवे पुठ्ठे कापल्यावर अॅडेनिन-थायमिन आणि ग्वानिन-सायटोसिन या जोड्या सारख्याच रुंदीच्या निघाल्या, आणि जीवरसायनशास्त्रज्ञ एर्विन चारगाफ यांना या बेसांचे प्रमाण जोडीजोडीने समान का सापडले होते तेही उलगडले. रोझलिंड फ्रँकलिन यांनी घेतलेल्या डीएनएच्या क्ष-किरण छायाचित्रांनी कण्याची मांडणी आणि मापे आधीच सुचवली होती. एका हायड्रोजनची जागा चुकली तर आनुवंशिकतेची सगळी रचना कशी अडते, हे माझ्या विद्यार्थ्यांनी सदोष तुकड्यामुळे अनुभवले. मूळ मांडणीत ग्वानिन आणि सायटोसिन यांच्यात दोनच बंध दाखवले होते आणि तिसरा १९५६ साली रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि रॉबर्ट कोरी यांनी दाखवून दिला, हे सांगितल्यावर त्यांना तिसऱ्या चुंबकाविषयी निराळीच आस्था वाटू लागली.

तो तास चांगला झाला म्हणून दोष माफ होत नाही. उत्पादकाला छायाचित्रासह कळवल्यानंतर पहिले उत्तर ‘चुंबकांचा क्रम तपासून पाहा’ असे आले, दुसऱ्या पत्रानंतर तुकडा बदलून मिळाला, आणि या सगळ्यात जवळजवळ तीन आठवडे गेले. ज्या वस्तूचा संपूर्ण अर्थ चुंबकाच्या दिशेवर अवलंबून आहे, तिच्यात दिशा तपासूनच वस्तू बाहेर पडली पाहिजे. ज्या शाळेत शिक्षकाला हा दोष ओळखता येणार नाही, तेथे मुले चुकीची जोडी बरोबर मानून पुढे जातील. संच हाती आल्यावर प्रत्येक तुकडा त्याच्या जोडीदाराशी लावून पाहावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

या डब्याच्या पुस्तिकेत आणखी एक विधान आहे, ज्याच्याशी मी असहमत आहे. डीएनएचे दोन धागे ‘केवळ हायड्रोजन बंधांमुळे’ एकत्र राहतात, असे तेथे म्हटले आहे. हायड्रोजन बंध जोडी कोणाची कोणाशी हे ठरवतात, ती निवड त्यांचीच. परंतु दुहेरी सर्पिलाच्या स्थैर्यातील मोठा वाटा एकावर एक चवडीसारख्या बसलेल्या सपाट बेसांच्या परस्पर आकर्षणाचा असतो. धागा सुटा असतानाही बेस पाण्याशी हायड्रोजन बंध करतच असतात, त्यामुळे जोडी जमल्यावर होणारा निव्वळ लाभ वाटतो तेवढा मोठा नसतो. संचातील बेस एकमेकांपासून लांब ठेवलेले असल्याने ही चवड त्यात दिसत नाही. हे प्रतिकृतीत दाखवणे अवघड आहे, याची मला कल्पना आहे. पण पुस्तिकेतील एक वाक्य दुरुस्त करणे अवघड नाही.

धागे सोडवण्याचा प्रयोग मात्र प्रभावी होतो. दहा जोड्यांची शिडी तयार करून ती दोन्ही टोकांना धरून एकदम ओढली तर सुटत नाही. एका टोकापासून उसवत गेले तर बॅगेच्या चेनसारखी सहज उघडते. पेशीतही धागे उघडणारी प्रथिने अशीच टप्प्याटप्प्याने काम करतात. प्रयोगशाळेत हेच काम उष्णता करते: द्रावण ९५ अंशांच्या आसपास तापवले की धागे वेगळे होतात, कण्यातील सहसंयुज बंध मात्र शाबूत राहतात, आणि थंड केल्यावर योग्य जोडीदार पुन्हा भेटतात. कोरोनाच्या काळात घराघरांत माहीत झालेली आरटी-पीसीआर चाचणी याच तापवण्या-निववण्याच्या आवर्तनांवर उभी आहे. जेथे ग्वानिन आणि सायटोसिन अधिक, तेथे धागे सोडवायला तापमानही अधिक लागते. मुलांनी एका गटाला तीन चुंबकांच्या जोड्यांची आणि दुसऱ्याला दोन चुंबकांच्या जोड्यांची शिडी देऊन हे स्वतः पडताळले.

प्रथिनांचा तिसरा डबा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात सर्पिल आधीच वळवून घट्ट केलेले आहे आणि हायड्रोजन बंध पांढऱ्या काड्यांनी कायमचे चिकटवलेले आहेत. विद्यार्थ्याला करण्यासारखे काहीच उरत नाही. सर्पिलाचे मर्म त्याच्या वळण्यात आहे. १९४८ साली ऑक्सफर्डमध्ये सर्दीने आजारी असताना पॉलिंग यांनी प्रथिनांचे घटक असलेल्या अमिनो आम्लांची साखळी कागदावर काढली, कागदाला घड्या घातल्या आणि एका वेढ्यातील नायट्रोजनवरचा हायड्रोजन पुढच्या वेढ्यातील ऑक्सिजनसमोर येईल अशी ती वळवून पाहिली. १९५१ साली कोरी आणि ब्रॅन्सन यांच्यासह त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अल्फा सर्पिलात प्रत्येक वेढ्याला ३.६ अमिनो आम्ले येतात. पूर्णांक नसलेली ही संख्या त्या काळच्या अनेकांना सुचली नव्हती. मी आता वर्गात कागदाच्या पट्ट्याच वाटते. त्यांवर देणाऱ्या आणि घेणाऱ्या जागा दोन रंगांनी रंगवल्या, पेन्सिलीभोवती पट्टी गुंडाळली आणि रंग समोरासमोर आणले, की काही हजारांच्या डब्यातून न कळणारी गोष्ट कळते. आपल्याकडे मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ साली कोलॅजेनची तिहेरी रचना मांडली. आपल्या त्वचेत आणि हाडांत असलेल्या या प्रथिनातही तीन साखळ्यांना एकमेकींजवळ धरून ठेवण्याचे काम बऱ्याच अंशी हायड्रोजन बंध करतात, आणि साखळ्या इतक्या जवळ येऊ शकतात त्या दर तिसऱ्या जागी ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल असल्यामुळे. एखाद्या भारतीय उत्पादकाने सुटी, वळवता येणारी अशी साखळी घडवली तर मी ती पहिल्या दिवशी विकत घेईन.

पुस्तिका फक्त इंग्रजीत आहे, याचे मला वाईट वाटते. आमच्या तालुक्यातील बहुतेक मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात आणि अकरावीत सगळ्या संज्ञा एकदम बदलतात. शिवाय पुस्तिकेतील व्याख्या हायड्रोजन बंधाला ‘धन आणि ऋण भारांमधील आकर्षण’ एवढेच म्हणते. शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने २०११ साली जी व्याख्या स्वीकारली, ती केवळ भारांच्या आकर्षणावर थांबत नाही. प्रत्यक्ष बंध निर्माण झाल्याचा पुरावा असावा, अशी अपेक्षा तिच्यात आहे आणि ऑक्सिजन, नायट्रोजन, फ्लोरिन यांच्यापुरतीही ती मर्यादित नाही. ही व्याख्या करणाऱ्या गटाचे नेतृत्व बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ई. अरुणन यांनी केले होते. भारतात विकल्या जाणाऱ्या संचात ही गोष्ट असायला हवी होती. मी मराठीत आठ पानांची टिपणे तयार करून डब्यात ठेवली आहेत आणि त्यांत संचाबाहेरची काही उदाहरणे घातली आहेत, कारण कोणताही संच घरच्या अनुभवाला जोडल्याशिवाय मुलांच्या लक्षात राहत नाही.

त्यांपैकी माठाचे उदाहरण सर्वांना लवकर पटते. माठाच्या छिद्रांतून झिरपलेले १ ग्रॅम पाणी उडून जाताना शेजाऱ्यांशी असलेले सगळे बंध तोडते आणि त्यासाठी सुमारे २४०० ज्यूल उष्णता आतल्या पाण्यातून घेते. तेवढ्यात अर्धा किलोहून अधिक पाण्याचे तापमान १ अंशाने उतरते. दुसरे उदाहरण इस्त्रीचे. सुती कापडातील सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. कापड चुरगळलेल्या अवस्थेत वाळले की ते बंध त्याच अवस्थेत पक्के होतात, म्हणून कोरडी इस्त्री फिरवून सुरकुत्या नीट जात नाहीत. पाणी शिंपडल्यावर पाण्याचे रेणू साखळ्यांच्या मध्ये शिरून जुने बंध सोडवतात, आणि इस्त्रीच्या उष्णतेने पाणी उडताच साखळ्या सपाट अवस्थेत नव्याने जोडल्या जातात. तिसरे भाकरीचे. ज्वारीच्या पिठाला गरम पाणी का लागते आणि ताजी, मऊ भाकरी सकाळपर्यंत कडक का होते, या दोन्हींचे उत्तर पिष्टाच्या (स्टार्चच्या) साखळ्यांमधील बंध सुटण्यात आणि पुन्हा जुळण्यात आहे. गरम पाण्याने पिष्टाचे कण फुगतात आणि पिठाला चिकटपणा येतो. थंड झाल्यावर साखळ्या पुन्हा एकमेकींना धरू लागतात. शिळी भाकरी तव्यावर पाण्याचा हबका मारून गरम केली की काही वेळ मऊ होते, हे प्रत्येकाच्या घरी पाहिलेले असते. हे सांगितल्यानंतर एका मुलाने इथेनॉलचा तुकडा हातात घेऊन विचारले की पिष्टाच्या साखळीवर असे किती हायड्रॉक्सिल गट असतात. प्रत्येक ग्लुकोज घटकावर तीन, असे सांगितल्यावर त्याने साखळी हजारो घटकांची असते का तेही विचारून घेतले. संख्येचे बळ त्याला कळले होते.

सुरक्षिततेविषयी एक गोष्ट गांभीर्याने सांगते. संचातील चुंबक लहान आणि फार शक्तिशाली आहेत. आमच्याकडे वर्षभरात दोन रेणूंचे चुंबक खाचेतून निखळले. असे दोन चुंबक लहान मुलाच्या पोटात गेल्यास ते आतड्याच्या भिंतींना दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून जीवघेणी इजा करू शकतात. प्राथमिक वर्गांत हा संच वापरू नये, घरी नेऊ देऊ नये आणि तास संपल्यावर तुकडे मोजून, खाचा तपासूनच डबा बंद करावा. हृदयाचा पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने हे तुकडे छातीजवळ धरू नयेत.

किमतीचा विचार करता पाण्याचा डबा आम्हाला सुमारे चार हजार रुपयांना पडला. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गाला १२ रेणू अपुरे आहेत. बर्फाचा पिंजरा एका वेळी एकच गट करू शकतो आणि बाकीचे पाहत राहतात. म्हणून या वर्षी पाण्याचे आणखी दोन डबे मागवले आहेत. डीएनएचा डबा चांगला आहे, पण एका महाविद्यालयाला एक पुरतो, आणि जीवशास्त्राच्या शिक्षकांशी वाटून घेतला तर त्याचा पुरेपूर उपयोग होतो. तिसरा डबा कपाटात आहे. ज्यांना एकच डबा परवडतो त्यांनी पाण्याचा घ्यावा, आणि त्याबरोबर रुंद तोंडाची एक पारदर्शक बरणी अवश्य आणावी.